एक पौंड धान्य आणि माझं डाएट ॲप

हा आपला लिहिलेला भाग. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांचे इअरफोन घरातली पोरं पळवतात, त्यांच्यासाठी. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, दोन-चार आकडे पुन्हा तपासून घातलेत. बाकी बोललो तसंच आहे.

विषय वजन कमी करण्याचा. पण आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. मी बीटेक करून खराडीत कोड लिहिणारा माणूस. घर शिरूरला, म्हणजे आमच्या जुन्या लोकांच्या भाषेत घोडनदीला. ताई दौंडला दिलेली. त्यामुळे शिरूर, चौफुला, दौंड हा माझा दर महिन्याचा फेरा. या भागात जे सांगणार आहे ते याच पट्ट्यातलं आहे, आणि त्यातलं निम्मं मला वर्षभरापूर्वी माहीतच नव्हतं.

तर झालं काय, गेल्या वर्षी जानेवारीत ऑफिसात सगळ्यांची रक्ततपासणी झाली. माझी उंची १७१ सेंटीमीटर, वजन ६८ किलो. बघणारा कुणीही म्हणेल, बारीकच आहे की. हात काडीसारखे. फक्त शर्टाचं खालचं बटण जरा ताणलेलं. कंबर ९३ सेंटीमीटर. आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा तो आकडा, एचबीएवनसी, ६.१. तो ५.७ च्या खाली असला की ठीक, ६.५ ला मधुमेह. मी मध्ये लटकलेला. वय सत्तावीस.

मी काय केलं असेल? इंजिनिअर माणूस जे करतो तेच. ॲप डाउनलोड केलं. त्यात वय, उंची, वजन टाकलं, 'लवकर' या बटणावर टिचकी मारली आणि ॲपनं सांगितलं, रोज १५०० कॅलरी. संपला विषय. छोटा डिजिटल वजनकाटा घेतला आणि प्रत्येक घास मोजायला लागलो. सकाळी ओट्स, दुपारी दोन चपात्या आणि भाजी, रात्री सूप. कॅलरी भरत नसल्या की डाएट बिस्किटं. ॲपच्या हिशेबात बिस्कीट काय नि मटकी काय, आकडा तेवढा जुळला पाहिजे.

पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरलं. मी स्टेटस ठेवलं! (आता माहीत आहे, त्यातलं बरंचसं पाणी होतं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा रिकामा झाला की पाणी पण जातं.) तीन महिन्यांत ६१.५ वर आलो आणि काटा थांबला. खाणं तेवढंच, चालणं तेवढंच, वजन जागचं हलेना. केस गळायला लागले, एप्रिलच्या उन्हाळ्यात ऑफिसच्या एसीत मला थंडी वाजायची, आणि एक दिवस पाण्याचा वीस लिटरचा जार उचलून डिस्पेन्सरवर ठेवता आला नाही. शेजारच्या डेस्कवरची इंटर्न मुलगी उठली आणि तिनं ठेवला. तिला मी अजून धन्यवाद म्हणालेलो नाही.

त्यानंतर अक्षय्य तृतीयेला घरी गेलो. आमरसाचं जेवण. मी बॅगेतून काटा काढला आणि त्याच्यावर वाटी ठेवली. आजी समोर बसलेली. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्ये काय काढलंस?"

मी समजावलं. आजी, दिवसाला एवढंच खायचं. तिला आकडे कळत नाहीत म्हणून भाकरीच्या हिशेबात सांगितलं. एवढ्या भाकऱ्या, एवढी डाळ, बास.

आजी म्हणाली, "एवढं तर आम्हाला दुष्काळात बी मिळायचं."

सगळे हसले. मी पण हसलो. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, कारण मला आकड्यांची खाज आहे. खरंच, दुष्काळात माणसाला किती मिळायचं? कुणी मोजलं होतं का?

मोजलं होतं. आणि मोजणारा माणूस सर रिचर्ड टेंपल.

१८७६ साली दख्खनमध्ये पावसानं दगा दिला. पुणे, नगर, सातारा, सोलापूर, खाली कलादगी, आणि पुढं मद्रास इलाखा, म्हैसूर. आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जाची कागदपत्रं जाळली होती. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, त्या वेळी हा सगळा भाग भीमथडी. म्हणजे पाऊस गेला तेव्हा घरात धान्य नव्हतंच, होतं ते कर्ज.

आता हा टेंपल. याची गोष्ट गमतीची आहे, म्हणजे वाईट अर्थानं. १८७४ मध्ये बंगाल-बिहारकडे दुष्काळ पडला तेव्हा यानंच ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला, लोकांना पोटभर दिला, आणि माणसं फारशी मेली नाहीत. बक्षीस काय मिळालं? उधळ्या म्हणून शिव्या. लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'नं सुद्धा झोडपलं. तेव्हा १८७७ च्या सुरुवातीला व्हाइसरॉय लिटननं त्याला दख्खन आणि मद्रासच्या दौऱ्यावर पाठवलं, तेव्हा साहेबांनी मागच्या वेळची चूक सुधारायचं ठरवलं. दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषाला रोजचं वेतन किती? एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. बायकांना, पोरांना त्याहून कमी. इतिहासात याला 'टेंपल वेतन' म्हणतात. त्याच वर्षी टेंपल मुंबई इलाख्याचा गव्हर्नरही झाला.

मी लगेच गणित मांडलं. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३४० कॅलरी. गुणाकार करा. पंधराशेच्या वर थोडं. वरच्या आण्यात मीठ, मिरची, सरपण, आणि उरलंच तर मूठभर डाळ, तेही दुष्काळातल्या बाजारभावानं.

मंडळी, माझ्या ॲपनं मला दिलेला आकडा १५०० होता.

मी खुर्चीत दिवसाला नऊ तास बसतो. ती माणसं मातीकाम करत होती, खडी फोडत होती. अशा कामाला त्याच्या दुप्पट तरी लागतं. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच सरकारशी भांडण मांडलं, की एवढ्यावर माणूस काम करू शकत नाही आणि जगू पण शकत नाही, तुरुंगातल्या कैद्याला तुम्ही याहून जास्त देता. त्यांचं म्हणणं नुसतं किती यावर नव्हतं, काय यावर पण होतं. एकट्या धान्यावर माणूस तगत नाही, डाळ पाहिजे, भाजी पाहिजे. इकडे पुण्यात सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानड्यांच्या माणसांनी, गावागावातून माहिती गोळा करून सरकारला अर्ज पाठवले. आणि लोकांनी काय केलं? मजुरी कापल्यावर मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामावर जायचंच थांबवलं. उपाशी माणसांचा संप! आपल्याला शाळेत हे कुणी शिकवलं नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या दोन-तीन वर्षांत मेलेल्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर धरतात.

या दुष्काळाच्या खुणा आपल्या रोजच्या रस्त्यात आहेत. दौंडहून नगरकडे जाणारी गाडी पकडलीत ना, दौंड सोडलं की लगेच भीमेचा पूल लागतो. ती दौंड-मनमाड लाइन, सुमारे २३५ किलोमीटर, १८७८ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या मातीकामावर दुष्काळातली माणसं राबली. मी त्या लाइननं शिर्डीला किती वेळा गेलोय, चिक्की खात. आणि शिरूर तालुक्यातलं धामारी. वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. त्यांनी हा दुष्काळ गावोगाव फिरून बघितला, आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये बंडाचा पहिला छापा घातला तो धामारीवर. आमच्याकडे लोक धामारी म्हटलं की खंडोबा सांगतात. तेही खरंच, पण हे पण सांगायला पाहिजे.

आता इथून जरा अमेरिकेला जाऊ, कारण पंधराशेचा आकडा मला तिथं परत भेटला. आणि माझा काटा का थांबला त्याचं उत्तरही तिथंच मिळालं.

१९४४-४५. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, युरोपात उपासमार. उपाशी माणसांना परत कसं खायला घालायचं हे कुणाला नीट माहीत नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ तरुण घेतले, सगळे स्वेच्छेनं आलेले, युद्धात बंदूक धरायला नकार दिलेले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. रोज सरासरी सुमारे १५७० कॅलरी. बटाटे, ब्रेड, सलगम, मॅकरोनी. आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं.

त्यांचं वजन जवळजवळ एक चतुर्थांश उतरलं. पण शरीर गप्प बसून झिजत नव्हतं. शरीरानं खर्च कापायला सुरुवात केली. नुसतं पडून राहिलं तरी जी ऊर्जा लागते, तो मूळचा चयापचय, तो सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. नाडी मंद झाली. उन्हाळ्यात थंडी वाजायला लागली. केस गळायला लागले. (ओळखीचं वाटतंय?) काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. आणि परत खायला मिळालं तेव्हा चरबी आधी भरून आली, स्नायू मागाहून.

यातलं शास्त्र सोपं करून सांगतो. मोबाइलची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की फोन काय करतो? ब्राइटनेस कमी, मागं चालणारी ॲप बंद. शरीर तेच करतं. फरक एवढाच की चार्जर लावल्यावर फोन लगेच पूर्ववत होतो. शरीराचं तसं नाही. अमेरिकेतल्या वजन उतरवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तो अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलेलं, पण त्यांचं शरीर अजूनही अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमीच जाळत होतं. सहा वर्षांनी! दुष्काळ संपला हे शरीराला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता परत आजीकडे. टेंपलच्या दुष्काळात ती नव्हती, हे उघड आहे. तिचा दुष्काळ बहात्तरचा. माहेर दौंड तालुक्यात कुरकुंभच्या पुढं, जिरायती पट्ट्यात. लग्न करून शिरूरला आली आणि तिसऱ्या वर्षी दुष्काळी कामावर गेली. रस्त्याच्या कडेला खडी फोडायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यातली एक ही.

मी तिला विचारलं, काय खायचीस? तिनं दोन शब्द सांगितले. मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आजी म्हणते, त्या भाकरीला चव नव्हती आणि तव्यावर ती नीट फुगायची पण नाही. सुकडी म्हणजे कामावर वाटायचे ते भाजक्या पिठाचं गोडसर कोरडं खाणं. ती अर्धी खायची आणि अर्धी पदरात बांधून घरी आणायची. घरी दोन लहान दीर होते. आणि हे तिनं अगदी सहज सांगितलं, की तेव्हा तिला सहावा महिना होता.

पोटात माझे मोठे काका.

एवढं मात्र खरं, की बहात्तरला १८७७ झालं नाही. माणसं होरपळली, जनावरं गेली, पण मजुरी मिळाली, रेशन मिळालं. पुढं वि. स. पागे यांच्या प्रयत्नातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. टेंपलच्या पौंडाला बरोबर शंभर वर्षं झाली होती.

पण मला पोटातल्या बाळाचं कोडं सुटेना. आमच्या घरात काका, बाबा, दोन्ही आत्या, सगळे तरुणपणी सडपातळ, सगळ्यांना पंचेचाळिशीच्या आत शुगर. आमच्याकडे म्हणतात, "आमच्यात आहेच ती." जशी काही वतनात आली.

इथं गोष्ट पुन्हा आपल्याच जिल्ह्यात येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक नावाचे मधुमेहतज्ज्ञ आहेत. पाश्चात्त्य पुस्तकात मधुमेहाचा रुग्ण कसा? वयस्कर आणि जाडा. यांच्यासमोर येत होते ते तरुण आणि बारीक. मग १९९३ मध्ये त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. अवर्षणप्रवण, शेतकरी गावं. गरोदर बायका काय खातात, किती काम करतात, बाळ किती किलोचं होतं, सगळं मोजायचं. शिरूरकरांना केईएम नवीन नाही, आपल्या वढू बुद्रुकला त्यांचं ग्रामीण आरोग्याचं काम कितीतरी वर्षांपासून चालू आहे.

त्या आयांची सरासरी बघा. उंची १५२ सेंटीमीटर, वजन जेमतेम ४२ किलो. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली, ती साडेतीन किलोची. मग बाळ सगळीकडूनच लहान असणार, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी जवळजवळ इंग्रज बाळाइतकी! काटकसर सगळीकडे, चरबीत नाही. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभर त्याचं नाव पडलं 'थिन-फॅट बेबी'. बारीक पण चरबीचं बाळ.

पुढच्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो आला. एक याज्ञिक, एक त्यांचे इंग्लंडमधले मित्र जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. काट्यावर दोघं सारखेच. मला तो फोटो बघून माझं शर्टाचं बटण आठवलं.

आणि आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, माझ्या मते तरी. त्या गावांत आया दिवसाला किती कॅलरी खातात याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध सापडला नाही. एकूण प्रथिनांशी पण नाही. संबंध सापडला तो पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात येतं याच्याशी. ज्या जास्त वेळा खात, त्यांची बाळं मोठी. आणि ज्या शेतात आणि पाणी वाहण्यात जास्त राबत, त्यांची लहान. म्हणजे १८७७ मध्ये कॉर्निश जे ओरडून सांगत होते, नुसतं किती बघू नका, काय ते बघा, तेच सव्वाशे वर्षांनी पुण्याच्या गावात वहीपेन्सिल घेऊन परत सापडलं. माझं ॲप मात्र अजून टेंपलच्या बाजूला होतं.

ती मुलं पुढं मोठी झाली, याज्ञिकांची माणसं त्यांना तपासत राहिली. बऱ्याच आयांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. त्यातल्या ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही असं दिसलं. आणि अठराव्या वर्षी दर दहांपैकी साधारण तिघांची साखर नेहमीपेक्षा वर. जाडी पोरं नव्हेत ही. निम्मी तर वजनात कमीच भरणारी.

इथं एक सावधगिरी. इंटरनेटवर एक रील फिरतं, की इंग्रजांनी दुष्काळ पाडले म्हणून आपल्याला मधुमेह होतो. एवढं सरळ नाही ते. दुष्काळाच्या जनुकांची कल्पना जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडली, पण तिच्यावर अजून वाद आहेत. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत जी बाळं पोटात होती, त्यांच्यात मोठेपणी साखरेचे बिघाड जास्त सापडले, हे खरं. पण ते आईच्या पोटातल्या महिन्यांबद्दल आहे, दीडशे वर्षांबद्दल नाही. माझ्या काकांची शुगर बहात्तरमुळे, असं मी म्हणणार नाही. त्यांना रोज सहा कप चहा लागतो, प्रत्येकात दोन चमचे साखर. ते पण हिशेबात धरलं पाहिजे.

कारण बारीक शरीर घेऊन जन्मलेला माणूस बाजरी आणि हुलग्यावर, दिवसभर नांगरामागं चालत राहिला असता, तर कदाचित काही बिघडलं नसतं. पण आपल्या पट्ट्यात मधल्या पन्नास वर्षांत काय काय झालं! दौंडला खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी खेळलं, ऊस आला, पाटसला भीमा कारखाना, केडगाव-यवतकडे गुऱ्हाळं. इकडे न्हावऱ्याला घोडगंगा. रांजणगावला एमआयडीसी आली आणि पोरं तीन पाळ्यांत कामाला लागली. रात्रीच्या पाळीला चहा-क्रीमरोल, सुटल्यावर वडापाव. भाकरीच्या जागी मैदा, ताकाच्या जागी थंड बाटली. उसाच्या पैशानं घरं बांधली, पोरं शिकली, मी त्याच पैशावर शिकलो, त्यामुळे उसाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण दुष्काळासाठी तयार झालेल्या शरीरासमोर साखरेचा कारखाना आला, हे आहेच.

पाकिटातल्या खाण्याबद्दल एकच अभ्यास सांगतो. अमेरिकेत केविन हॉल यांच्या २०१९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात २० जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार खाणं आणि दोन आठवडे साधं घरच्यासारखं खाणं दिलं. समोर ठेवलेल्या ताटात कॅलरी, साखर, चरबी सारखीच, पाहिजे तेवढं खा. तयार खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. कुणी सांगितलं नव्हतं खा म्हणून. माझी डाएट बिस्किटं याच जातीतली.

मग मी काय केलं? आमच्याकडच्या एका डॉक्टरांना सगळे कागद दाखवले. त्यांनी माझा दंड चिमटीत धरला आणि म्हणाले, "साडेसहा किलो उतरवलंस, त्यातलं मांस किती गेलं ते बघ." कंबर फक्त तीन सेंटीमीटर कमी झाली होती. आणि जेवलेली साखर सगळ्यात जास्त कोण ओढून घेतं? स्नायू. मी दुकान वाचवायला गिऱ्हाईकच हाकललं होतं. बी-१२ तपासलं, तेही कमी.

आता मी दिवसाला एकोणीसशे-दोन हजार कॅलरीच्या आसपास खातो, रोज मोजत नाही. तीन भाकऱ्यांच्या जागी दीड. त्या कमी केलेल्या जागेत मटकीची उसळ, अंडी, पिठलं, ताक, रविवारी मटण. रोज एक पालेभाजी, मेथी, चवळई, माठ, पावसाळ्यात घोळ. प्रथिनं पचवायलाच शरीराचा जास्त खर्च होतो, त्यांतल्या वीस-तीस टक्के कॅलरी पचनातच जातात, आणि पोट पण भरलेलं राहतं. चहा दोनदा, बिनसाखरेचा. पहिला महिना तो औषधासारखा लागला, खोटं कशाला बोलू. आठवड्यातून तीनदा वजनं उचलतो. घरात अर्धी मंडळी दीक्षित करतात, अर्धी दिवेकर, त्यांचे वाद जेवणापेक्षा जास्त वेळ चालतात. मी दोन्हीकडून शिव्या खातो. आठ महिन्यांनी वजन ६४.५, म्हणजे तीन किलो वाढलंय. कंबर ८६. एचबीएवनसी ५.७. अजून काठावरच आहे. पण पाण्याचा जार मीच ठेवतो. तुम्ही मात्र माझी कॉपी मारू नका, आधी रक्त तपासा, डॉक्टरांना विचारा.

ताईला आता सातवा महिना चालू आहे. सासरी ऊस आहे, विहिरीला पाणी आहे, खायला कशाची कमी नाही. तरी तपासणीत बी-१२ कमी निघालं, तिच्या डॉक्टरांनी औषध दिलंय. मी फोन केला की आधी विचारतो, भाजी कुठली खाल्लीस? ती वैतागते. गेल्या रविवारी आजी स्वतः दौंडला गेली, एसटीनं, पिशवीत शेवग्याचा पाला आणि दारातली मेथी घेऊन. ताई म्हणाली, आजी, इथं बाजारात सगळं मिळतं की. आजीनं ऐकलं नाही. तिनं तिथंच बसून पाला निवडला, पिठलं-भाकरी केली आणि ताई पूर्ण ताट संपवेपर्यंत समोरून उठली नाही.

माझा वजनकाटा आता तिच्याकडेच आहे. काळ्या मसाल्याचं दगडफूल आणि लवंग मोजायला बरा पडतो म्हणते.

मंडळी, तुमच्या घरात बहात्तरला कामावर गेलेलं कुणी असेल, तर त्यांना विचारा की मिलोची भाकरी कशी लागायची, कामावर काय मिळायचं, घरी काय आणायचे. त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून मला पाठवा. शिरूर-दौंडचेच पाहिजेत असं नाही. पुढच्या भागात मी आजीचं पूर्ण रेकॉर्डिंग लावणार आहे, पन्नास मिनिटांचं आहे, मध्ये कुकरच्या शिट्ट्या येतात, त्या काढलेल्या नाहीत.